दाढ दुखायची थांबलीय? मग आताच जा

आज डब्याच्या वेळी डोकंच फिरलं माझं. आमच्या ऑफिसात एक पोरगा आहे. आठ दिवस एकाच बाजूनं जेवतोय, चहा गार करून पितोय. आडवा झाला की ठणका वाढायचा म्हणून दोन रात्री बसून काढल्या त्यानं. आणि आज हसत सांगतो, "ताई, थांबली दाढ. लवंगेच्या तेलानं काम केलं, रूट कॅनालचे पैसे वाचले." वर शेजारचा म्हणतो, "सगळा धंदा आहे डेंटिस्टांचा. परत दुखली तर उपटून टाक."

मला तिथंच आई दिसली.

आईची दाढ अशीच थांबली होती. पंधरा दिवस गाल धरून बसायची, मग एका सकाळी म्हणाली, "गेलं बाई एकदाचं." आम्ही सगळे खूश. तीन महिन्यांनी मावसबहिणीच्या हळदीत गाल असा सुजला की प्रत्येक फोटोत ती पदर तोंडावर धरून उभी आहे. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, सूज उतरली, महिन्याभरात परत आली. शेवटी नेलं. डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारला, त्यावर पांढरा बर्फ धरला. "गार लागलं की हात वर करा, थांबलं की खाली." शेजारच्या दाताला लावला, तर आईचा हात लगेच वर, लगेच खाली. त्या दाढेला लावला आणि हात मांडीवरच. नस बरी झालीच नव्हती हो, मेली होती! दुखणारं आत काही उरलं नव्हतं म्हणून थांबलं होतं, आणि मुळाशी पू साठत होता. तोवर कीड हिरडीखाली गेलेली, कॅप बसवायला दातच शिल्लक नव्हता. काढावी लागली.

उगाच आरसीटी, म्हणजे हीच रूट कॅनाल ट्रीटमेंट, सांगणारे असतात, नाही म्हणत नाही. मलाही एकानं धड न तपासता सांगितली होती. दुसरीकडे गेले, तिथं तोच गार बोळा. कळ आली, बोळा काढल्यावर दोन-तीन सेकंदांत गेली. वरून ठोकलं, दुखलं नाही. एक्स-रेत कीड नसेपासून लांब. नुसतं सिमेंट भरलं, चार वर्षं त्याच बाजूनं चकल्या खातेय. पण म्हणून उपचारच खोटा? तपासा म्हणा ना! गार लावून बघा, ठोकून बघा, एक्स-रे दाखवा. सायनस भरलं तरी वरच्या दाढा दुखतात, तिथं दात कोरायचं कामच नसतं. पण बोळा काढल्यावरही कळ अर्धा-अर्धा मिनिट रेंगाळत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर ती नस बहुतेक सावरत नाही. लवंगेचं तेल मीही लावते. त्यानं रात्र निघते, कीड नाही निघत.

पैशांचं कळतं मला. कॅपसकट खर्च त्याच्या पगारात कसा बसणार? पण मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे, सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, खासगीपेक्षा कितीतरी कमी पैशांत होतं. रांग लागते, खेपा होतात. होऊ देत.

चारला त्याला बाहेर बोलावलं. सगळ्यांसमोर ओरडले होते, त्याचं वाईट वाटत होतं. आईचं सगळं सांगितलं, ती अजून भाकरी दुधात कुस्करून खाते तेही. उद्या सकाळी जातोय आम्ही दोघं. जिन्यात हळूच विचारतो, "ताई, माझा हात वर गेलाच नाही तर?"

म्हटलं, अरे, दाढ तर आहे ना अजून तोंडात. नस गेली असली तरी रूट कॅनालनं दाढ वाचू शकते. चल तू.