मांजराची किंमत

"मांजराचा भाव कळून कुणाचं पोट भरलंय?"

हे वाक्य माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं. ‘वाईचा वाडा’ नावाच्या आमच्या घरच्या ग्रुपवर (वाडा कधीच गेला, नाव तेवढं उरलंय) तीन आठवड्यांपूर्वी ते पडलं, त्यावर अकरा जणांनी हसरे चेहरे टाकले, आणि तेव्हापासून मी धुमसते आहे. बसची वाट बघताना, दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या मोजताना मी मनातल्या मनात दादाला उत्तरं देत असते. काही उत्तरं फार चांगली आहेत. ती नेहमीप्रमाणे उशिरा सुचली.

झालं असं, की दादाच्या मुलीला, मुक्ताला, एम.ए.ला जुनं मराठी घ्यायचंय. महानुभावांच्या पोथ्या, त्यांची ती सकळ लिपी, असलं काहीतरी. दादा म्हणाला, जुनी खोडं उकरून काय मिळणार, ते सगळं आता एआय वाचून देईल. वहिनी म्हणाली, हौस म्हणून कर, पण बरोबरीने बी.एड. करून ठेव. इथवर ठीक आहे, आईबापांना काळजी असते. पण हाच दादा दर ३ ऑक्टोबरला, म्हणजे २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्या तारखेला, ‘अडीच हजार वर्षांची माझी मायमराठी’ असा भगव्या चौकटीतला निरोप तीन-तीनदा पुढे ढकलतो. मुक्ताने विचारलं, "बाबा, त्या अडीच हजार वर्षांतली पाच पानं तरी वाचलीत का?" ग्रुप गप्प. आणि त्या शांततेत मी साडेचार हजार मैलांवरून उडी मारली.

मी लिहिलं, की इथे ॲबरिस्टविथमध्ये, आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, डोंगरावर वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. तिथे मध्ययुगीन वेल्श कायद्यांची हस्तलिखितं आहेत. हवेल दा या राजाच्या नावाने ते कायदे ओळखले जातात. त्यात मांजराची किंमत दिली आहे: पिल्लाचे डोळे उघडेपर्यंत एक पेनी, उंदीर मारायला लागेपर्यंत दोन, आणि एकदा का उंदीर मारला की चार. खून झाला तर मारणाऱ्याच्या भावकीने मेलेल्याच्या भावकीला किती भरायचं आणि चुलत-चुलत भावाच्या वाट्याला त्यातलं किती येतं, याचा हिशेब आहे. नवरा-बायको सात वर्षं संसार करून वेगळे झाले तर मालमत्ता निम्मी-निम्मी, त्यात डुकरं नवऱ्याची आणि मेंढ्या बायकोच्या. मी लिहिलं, की राजे कोण होते हे बखरीतून कळतं, पण माणसं कशी जगत होती हे या असल्या नोंदींतून कळतं, आणि तेच आपल्याकडच्या लीळाचरित्रातून कळतं. म्हणून मुक्ताला करू दे.

त्यावर दादाचं ते मांजराचं वाक्य आलं.

मला जे सांगायचं होतं ते मांजरापाशीच अडकलं. मला सांगायचं होतं, की हे कायदे वाचणारे इथले अभ्यासक पहिली शंका खुद्द कायद्याच्या प्रस्तावनेवरच घेतात. हवेल राजा साधारण ९५०च्या सुमारास गेला. हाती असलेली हस्तलिखितं तेराव्या शतकापासून पुढची. प्रस्तावना सांगते, की राजाने राज्यभरातली शहाणी माणसं बोलावली, कायदा शोधून-तपासून बांधला. अभ्यासक म्हणतात, जरा थांबा, तेराव्या शतकात वेल्श कायद्याला इंग्रज धर्माधिकारी रानटी म्हणत होते, तेव्हा हा कायदा एका पुण्यशील राजाने केलाय असं दाखवायची गरज कुणाला होती ते बघा. म्हणजे ज्या गोष्टीचा अभिमान, तीच भिंगाखाली. ‘गोदोदिन’ हे जुनं वेल्श काव्य घ्या. सहाशेच्या सुमाराला कात्रायथ इथे कापून काढलेल्या वीरांचा शोक आहे त्यात. पण हस्तलिखित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. मधल्या साडेसहाशे वर्षांत काय झालं? इफॉर विल्यम्स या पंडिताने १९३८ साली संहिता सिद्ध केली आणि गाभा जुना आहे असं म्हटलं. नंतरच्यांनी त्यावर प्रश्न लावले. वाद चालूच आहे. आणि वाद चालू आहे म्हणूनच लोक ते काव्य ओळ न् ओळ वाचतात. आपल्याकडे ‘अडीच हजार’ म्हटलं की वाचायचं कारणच संपतं.

हे शेवटचं वाक्य मी ग्रुपवर टाकलं होतं. अण्णाकाकांनी त्यावर नुसतं ‘🙏’ पाठवलं. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘पुरे’.

दादा मात्र पेटला. त्याने विचारलं, तुमचं ते वेल्श बोलतात किती जण? मी प्रामाणिकपणे २०२१च्या जनगणनेचा आकडा दिला, पाच लाख अडतीस हजार. तो म्हणाला, "अगं, एकट्या पिंपरी-चिंचवडात याच्या तिप्पट माणसं राहतात. आठ कोटींच्या भाषेला शिकवायला कोण निघालंय बघा!" पुन्हा हसरे चेहरे. चौदा.

आता खरं सांगायचं तर त्या आकड्यातली दुसरी गोष्ट मी सांगितलीच नव्हती. २०११ला वेल्श बोलणारे १९ टक्के होते, २०२१ला १७.८ झाले. ग्रंथालयाच्या पैशालाही अलीकडे कात्री लागली, माणसं कमी झाली. हे मी वाचलेलं होतं. पण भांडणात कुणी आपल्या हाताने समोरच्याला दगड देतं का? दादाने नंतर स्वतःच शोधून ती बातमी टाकली, खाली एकच शब्द: "इथे?"

‘इथे’ हा शब्द आमच्या घरात माझ्या नावाने चिडवायचा शब्द आहे. इथे असं नसतं. इथे लोक रांगेत उभे राहतात. इथे दुधाची बाटली दारात. आई होती तेव्हा म्हणायची, सुरू झालं हिचं इथेपुराण. मला ते लागतं, कारण ते खरं आहे. आणि त्याहून जास्त लागतं ते यासाठी, की इथल्यांशी बोलताना मी तोच सूर उलटा लावते. आमच्याकडे तेराव्या शतकात ज्ञानेश्वर होऊन गेले, असं मी शेजारणीला इतक्या ठसक्यात सांगते, जणू ओव्यांचा मजकूर मीच टंकला होता.

तरी एक मुद्दा मी सोडणार नाही. दाविध आप ग्विलिम. चौदाव्या शतकातला कवी. आपले नामदेव थकले तेव्हा हा तरणाताठा असेल. जन्म इथून पाच मैलांवर. त्याची एक कविता ल्लानबादर्नच्या पोरींवर आहे. (हा ‘ल्ल’ देवनागरीत मावत नाही. जीभ ‘ल’ला लावून बाजूने हवा सोडायची. माझी मुलगी मला यावरून हसते. तिच्या मैत्रिणींना ‘ळ’ म्हणायला लावून मी सूड घेते.) हा पठ्ठ्या रविवारी चर्चमध्ये देवाकडे पाठ करून उभा, टोपीत पीस, मान वळवून पोरींकडे टक लावून, आणि पोरी आपसात कुजबुजतात, की या फिकट तोंडाच्याचं लक्षण काही ठीक नाही. शेवटी मान आखडते, पदरात पोरगी एकही नाही. ते चर्च माझ्या बसच्या वाटेवर आहे. दगडी, गलेलठ्ठ. तिथून जाताना मला दरवेळी त्याच्या मानेची काळजी वाटते.

तर या कवीच्या नावावर शेकडो कविता चढल्या होत्या. कुणीही लिहावी आणि दाविधच्या नावावर खपवावी. योलो मॉर्गानुग नावाचा एक गवंडी होता, अठराव्या शतकातला, अफूच्या अर्कावर जगणारा, विलक्षण बुद्धीचा. १७८९ साली दाविधच्या कविता पहिल्यांदा छापल्या गेल्या तेव्हा याने स्वतः रचलेल्या कविता त्यात ‘सापडल्या’ म्हणून घुसवल्या, आणि त्या इतक्या सुरेख होत्या की शंभरहून जास्त वर्षं लोकांनी डोक्यावर घेतल्या. विसाव्या शतकात जी. जे. विल्यम्स यांनी जन्मभर योलोचे कागद उपसले आणि ती बनावट उघडी केली. मग १९५२ साली थॉमस पॅरींनी दाविधची चोख संहिता काढली: दीडशेच्या आसपास कविता त्याच्या म्हणून ठेवल्या आणि त्याहून जास्त बाहेर काढल्या. लाडक्या, पाठ असलेल्या, शाळेत शिकवलेल्या. कुणाच्या तोंडाला काळं फासलं गेलं नाही, कुठलं कपाट फुटलं नाही. इथे मला २००४ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला आठवणारच ना?

आणि योलोची गंमत अशी, की त्यानेच १७९२मध्ये लंडनच्या टेकडीवर दगडांचं रिंगण मांडून ‘प्राचीन’ कवींचा जो सोहळा रचला, तो आजही आइस्तेदवोद या वेल्श काव्य-संगीताच्या उत्सवात होतो. झगे घालून, तलवार अर्धी उपसून, "शांतता आहे का?" असं तीनदा विचारून. सगळ्यांना ठाऊक आहे की हे योलोचं खूळ. तरी डोळ्यांत पाणी येतं लोकांच्या. माझ्याही आलं, मुलगी शाळेकडून गायला उभी होती तेव्हा. खरं काय ते माहीत असूनही प्रेम करता येतं, हे मी दादाला लिहिणार होते. लिहिलं ते वेगळंच: "आपल्याकडे नामदेवांच्या गाथेतले अभंग असे निवडून बाजूला काढायची कुणाची छाती आहे?"

यावर उत्तर दादाचं आलं नाही, मुक्ताचं आलं. ग्रुपवर नाही, माझ्या एकटीच्या खात्यावर. पोरगी शहाणी आहे.

"आत्या, नामदेव आणि विष्णुदास नामा वेगळे करायचं काम केव्हाच सुरू झालंय गं. लोकांनी त्यावर आयुष्यं घालवलीत." खाली एका जाडजूड पुस्तकाचा फोटो: जुन्या मराठीचा कोश, शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस, १९९९. आणखी एक ओळ: "आणि तू वाईची ना? विश्वकोश तुझ्याच गावात झाला."

मी बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत बसले. वाईत माझं आयुष्य गेलं लग्नापर्यंत. विश्वकोशाच्या कचेरीवरून शाळेत जायचो आम्ही. तिथे आत माणसं काय करतात असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. घाटावर भेळ कुठली चांगली, एवढंच माहीत. आणि इथे मात्र वेल्श शब्दकोशाचं काम १९२१ला सुरू होऊन २००२ला पुरं झालं, हे मी पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवते. तुळपुळ्यांचं नाव मी ऐकलं होतं. पुस्तक हातात कधीच धरलं नव्हतं.

मुक्ताला उत्तर देताना मी पुन्हा एकदा ‘इथे’कडे वळले, सवयीने. तिला २०१२ची गोष्ट सांगितली. हवेलच्या कायद्याची एक छोटी प्रत, चौदाव्या शतकातली, कायदा चालवणाऱ्या माणसाने बरोबर बाळगायची, अमेरिकेत जाऊन बॉस्टनला राहिली होती. तिकडे स्थायिक झालेल्या वेल्श लोकांबरोबर गेली असावी असं मानतात. त्या वर्षी जुलैत लंडनला लिलाव झाला आणि इथल्या ग्रंथालयाने ५,४१,२५० पौंड मोजून ती परत आणली. आम्ही मुलीला घेऊन बघायला गेलो होतो. काचेमागे एवढंसं पुस्तक, कडेला कुणाकुणाच्या हातच्या टिपा. मी तिला म्हटलं होतं, बघ, घर सोडून जाताना लोकांनी काय नेलं बरोबर! मी स्वतः आले तेव्हा बॅगेत हॉकिन्सचा कुकर होता.

मुक्ताने अंगठा दाखवला. मग लिहिलं, "आत्या, आपल्या माडीवर पत्र्याची हिरवी ट्रंक होती म्हणे पोथ्यांची. काय होतं गं त्यात? बाबांना विचारलं तर म्हणाले, तुझ्या आत्याला विचार."

२०१२लाच वाडा बिल्डरला दिला. दादाने फोन केला तेव्हा मी मॉरिसन्सच्या पार्किंगमध्ये होते, पाऊस तिरका लागत होता, पिशव्या फाटायला आल्या होत्या. तो म्हणाला, आजोबांची ट्रंक आहे, काय करू? पुण्याला एखाद्या संस्थेत विचारू का? थोडी धावपळ होईल. मी म्हटलं, "अरे, कोण वाचणार आहे आता ते, देऊन टाक." त्याने कुणाला दिली, की कृष्णेत सोडली, मी विचारलं नाही. तेरा वर्षांत त्याने हे एकदाही काढलं नाही. परवाच्या भांडणातही नाही, आणि त्याला ते काढता आलं असतं.

मुक्ताला मी लिहिलं, की लाल बासनं होती, सात-आठ असतील. आई दसऱ्याला ट्रंक उघडून त्यात कापूर ठेवायची.

तिने लगेच विचारलं, "अक्षर कसं होतं? बाळबोध की मोडी?"

बासन मी कधी सोडलंच नव्हतं.