सिग्नेचर बदलायची तर नावही बदला ना!

परत तेच. रात्री लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अपडेट झाला, डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी बाहेरचे ड्रायव्हर आपोआप बांधणारं साधन) माझा ड्रायव्हर, म्हणजे एक हार्डवेअर कार्ड चालवणारा कोड, नव्याने बिल्ड करायला घेतला आणि एरर: क्लास_क्रिएट या कर्नलच्या फंक्शनला आर्ग्युमेंट्स (त्याला द्यायची मूल्यं) जास्त झाली. म्हणजे फंक्शनची सिग्नेचर, किती नि कोणती आर्ग्युमेंट्स घ्यायची ते, बदललीय. कार्ड तेच, त्यावरची रजिस्टर्स तीच, माझ्या कोडमधलं एक अक्षर हललेलं नाही. तरी सकाळी मेलवर मेल, "तुमचा ड्रायव्हर बंद पडला." माझाच पडणार, दुसऱ्या कोणाचा!

यूजरस्पेस, म्हणजे कर्नलबाहेर चालणारे प्रोग्राम, मोडायची नाही हा लिनक्सचा कर्ता टोरवाल्ड्सचा नियम मला मनापासून मान्य आहे. पण कर्नलच्या आत तो लागू नाही, तसं डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहूनच ठेवलंय. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती. कर्नल 5.0 मध्ये ॲक्सेस_ओके या फंक्शनचं पहिलं आर्ग्युमेंट गेलं, 5.6 मध्ये प्रॉक फाइलींना (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या) वेगळं स्ट्रक्चर आलं. बदल करू नका असं मी म्हणतच नाही. 4.15 मध्ये टायमरचे कॉलबॅक (वेळ झाली की चालणारी फंक्शन्स) बदलले तेव्हा मलाही ते पटलं होतं. जुन्या पद्धतीत फंक्शनचा पॉइंटर आणि त्याचा डेटा एकाच जागी पडून असायचा, हल्लेखोराला आयतं रान. आणि तिथे निदान नवं नाव होतं, टायमर_सेटअप. मी तो मॅक्रो (बिल्ड होण्याआधीच ओळखता येणारं नाव) आहे का ते तपासलं, काम झालं.

क्लास_क्रिएटचं तसं नाही. 6.4 मध्ये त्यातलं ओनर हे आर्ग्युमेंट काढलं आणि नाव तेच ठेवलं. प्रीप्रोसेसरला (कंपाइल होण्याआधी कोडमधल्या अशा अटी तपासणारा भाग) फरक कळणार कसा? उरतो फक्त आवृत्तीचा आकडा. म्हणून अट घातली: 6.4 किंवा पुढे असेल तर एक आर्ग्युमेंट, नाहीतर दोन. आता एका एंटरप्राइझ डिस्ट्रोने (कंपन्यांसाठीच्या लिनक्स वितरणाने) तोच बदल आपल्या जुन्या कर्नलमध्ये बॅकपोर्ट केलाय, म्हणजे मागे नेऊन घातलाय, आकडा मात्र जुनाच! म्हणजे आकड्यावरही विश्वास ठेवायचा नाही. त्या डिस्ट्रोच्या त्या रिलीजसाठी वेगळी अट घाला. एका ओळीच्या कॉलभोवती अटींचं जंजाळ झालंय, आणि मूळ कोड शोधावा लागतोय.

"ड्रायव्हर मेनलाइनमध्ये, म्हणजे मूळ अधिकृत कर्नलमध्ये, का टाकत नाही?" हे तर मला ऐकवूच नका. पाठवला होता. तीन वेळा रिव्ह्यू झाला आणि शेवटी सांगितलं, यूजरस्पेसचा इंटरफेस सबसिस्टिमच्या (कर्नलच्या त्या विभागाच्या) पद्धतीने नव्याने लिहा. ज्यांचे प्रोग्राम आजच्या इंटरफेसवर वर्षानुवर्षं चालू आहेत ते मी मोडू? ज्या नियमाचा इतका अभिमान, तोच मोडायला मला सांगताय? आणि समजा घेतलाच, तरी जुन्या कर्नलवरच्या लोकांसाठी ही बाहेरची प्रत मलाच सांभाळायची आहे.

मी एवढंच मागतोय: सिग्नेचर बदलली तर नाव बदला, नाहीतर तपासता येईल असा एक मॅक्रो सोबत द्या. बदलणाऱ्याला एक ओळ लागते. ती नसली की माझा अख्खा शनिवार सहा वेगवेगळ्या कर्नलवर बिल्ड करून बघण्यात जातो. आजचाही गेला, आणि अजून दोन बाकी आहेत.