फायनल रिजेक्शन आलं म्हणजे पेटंट गेलं? अजिबात नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की अमेरिकेत पेटंटच्या अर्जावर फायनल रिजेक्शन (म्हणजे अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरचा "अंतिम" नकार) आलं की विषय संपला, मग एकतर कोर्टात जा नाहीतर नवीन अर्ज टाका, आणि घाई नको कारण उत्तर द्यायला सहा महिने मिळतातच. यातलं जवळपास सगळंच चुकीचं आहे.

आधी "विषय संपला". फायनल म्हणजे भरलेल्या फीमधली तपासणीची फेरी संपली, एवढंच. बऱ्याचदा ते पेटंट ऑफिसच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पत्रातच येतं. मग आरसीई (तपासणी पुढे चालू ठेवायची विनंती) करता येते, म्हणजे फी भरून, क्लेम (शोधात नेमका कशावर हक्क मागताय ते) सुधारून किंवा नवे मुद्दे मांडून तोच अर्ज पुन्हा तपासायला लावायचा, फाइलिंगची तारीख तीच राहते. कितीदाही करा, पण दुसऱ्या वेळेपासून फी वाढते.

नवीन अर्जाचा सल्ला मात्र खरंच घातक आहे. जुन्याशी न जोडता कोरा अर्ज टाकला की जुनी तारीख गेली, आणि तुमचा आधीचा अर्ज सहसा 18 महिन्यांनी प्रसिद्ध झालेला असतो, त्याला वर्ष उलटून गेलं असेल तर तोच तुमच्या विरोधात पुरावा म्हणून उभा राहतो, म्हणजे स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा. नवीनच टाकायचा तर कंटिन्युएशन टाका, म्हणजे जुन्याशी जोडलेला, त्याचीच तारीख मिळणारा अर्ज, तेही जुना अर्ज जिवंत असतानाच.

सहा महिने? फुकटात साधारण तीनच, पुढचे दर महिन्याला फी भरून, आणि सहाच्या पुढे काहीच नाही, अर्ज सोडून दिला असं धरतात. लोक इथेच फसतात, कारण फायनलनंतर नुसतं उत्तर पाठवल्याने घड्याळ थांबत नाही. एक्झामिनरला ते पटलं नाही तर अॅडव्हायझरी अॅक्शन, म्हणजे नकार कायम असल्याचं पत्र, येते आणि तुमचे दिवस जातच राहतात.

आणि थेट कोर्टात जाताच येत नाही हो! आधी पेटंट ऑफिसच्याच पीटॅब या अपिलं ऐकणाऱ्या बोर्डाकडे अपील. एक्झामिनरची चूक उघड असेल तर अपिलाच्या नोटिशीबरोबर जास्तीत जास्त पाच पानांची प्री-अपील विनंती जोडा, मोठा ब्रीफ (अपिलाचा सविस्तर लेखी युक्तिवाद) लिहायच्या आधीच प्रकरण परत तपासणीकडे जाऊ शकतं. बोर्डाने नाही म्हटलं तर मग फेडरल सर्किट हे अपील कोर्ट किंवा व्हर्जिनियातलं जिल्हा कोर्ट.

मेसेजच्या खाली कुणीतरी "एएफसीपी वापरा, फुकट आहे" असंही चिकटवलंय. फायनलनंतर सुधारलेल्या क्लेमचा एक्झामिनरकडून पुन्हा विचार करून घ्यायची ती योजना डिसेंबर 2024 मध्येच बंद झाली.