खुलासा: ‘गेज ए-पिलरवरच बसवा’ हे सगळ्या गाड्यांना चालत नाही

नाशिकच्या गाडीवाल्यांत एक मेसेज फिरतोय: जादा गेज, म्हणजे इंजिनचं तापमान, ऑइल प्रेशर दाखवणारे काटे, लावायचे तर काचेशेजारच्या खांबावर, म्हणजे ए-पिलरवरच, नजरेसमोर राहतात, धोका शून्य. पहिलं खरं, दुसरं नाही.

कर्टन एअरबॅग, म्हणजे धडकेत खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी हवेची पिशवी, छताच्या कडेला घडी करून ठेवलेली असते आणि तिचा पुढचा भाग बऱ्याच गाड्यांत याच खांबाच्या प्लास्टिकआड येतो. वर स्क्रूने पॉड, म्हणजे गेज धरणारा कप, ठोकला तर ती नीट उघडणार नाही, किंवा पॉडच सुटून तोंडावर येईल. खांबावर ‘एअरबॅग’ असं कोरलेलं दिसलं की ड्रिल खाली ठेवा. नसेल दिसत, तरी मॅन्युअल उघडून बघा. शिवाय खांब जाड झाला की द्वारका चौकात रस्ता ओलांडणारा माणूस त्याआड सहज लपतो.

कसारा घाट चढताना कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा काटा एका नजरेत दिसावा, एवढीच गरज ना? मग स्टिअरिंगशेजारच्या एसी व्हेंटमध्ये किंवा सेंटर कन्सोलच्या वरच्या भागात बसवा. डाव्या सीटसमोरचा डॅशबोर्ड मात्र नको. तिथेही एअरबॅग असते.

आणि ऑइल प्रेशरचा गेज सेन्सरवाला, इलेक्ट्रिकच घ्या. मेकॅनिकल गेजची नळी इंजिनातलं गरम ऑइल थेट केबिनमध्ये आणते. ती फुटली तर पायावरच.