राखीव जागा

कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण ज्यांनी केली त्यांच्या दिमतीला जनसंपर्क खातं नव्हतं. तुमच्याकडे आहे. तेव्हा नवं औष्णिक वीजकेंद्र उभारताना सुरुवात बॉयलरपासून नको, नावापासून करा. 'कोळसा' हा शब्द एकटा-दुकटा बाहेर पाठवायचाच नाही. सोबतीला 'स्वच्छ' द्या. तेवढ्यानं भागत नसेल तर 'सुपरक्रिटिकल' म्हणा. २२१ बार दाब आणि ३७४ अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी उकळायचंच सोडून देतं, हे अगदी खरं. त्यामुळे कार्यक्षमता पस्तीस टक्क्यांवरून चाळीस-पंचेचाळिसाकडे सरकते, हेही खरं. म्हणजे निम्म्याहून जास्त उष्णता तरीही वायाच जाते, पण 'सुपर' ऐकल्यावर उरलेल्याचा हिशोब मागायला कोण बसलंय?

आता खरी मेख. नकाशावर धुराड्याच्या मागे तुटक रेघांचा एक चौकोन आखा, आत फिकट हिरवा रंग भरा आणि लिहा, 'कार्बन पकडण्याच्या संयंत्रासाठी राखीव'. झालं तुमचं केंद्र 'कॅप्चर-रेडी'! चेष्टा समजू नका. युरोपीय संघाचा २००९ चा निर्देश सांगतो की ३०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या नव्या केंद्रांनी हे जमण्यासारखं आहे का ते तपासावं, आणि असेल तर जागा राखून ठेवावी. जागा हं, यंत्र नव्हे. (या हिशोबानं लिफ्टपुरता खड्डा खणून ठेवला की माझं बैठं घरही 'दहा मजली-सज्ज' व्हायला हरकत नसावी.)

त्या चौकोनात गवत उगवू द्या, पाहुण्यांना तिथे उभं करून फोटो काढा. यंत्र मात्र चुकूनही बसवू नका. आत एक टन कोळसा गेला की वर दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो पकडायला बसलात तर केंद्राच्या विजेचा पाचवा हिस्सा तरी त्यातच जातो. मिसिसिपीतल्या केम्पर प्रकल्पाला हा मोह आवरला नाही. कोळशाचा वायू करायचा, त्यातला कार्बन वेगळा काढायचा, असा बेत होता. खर्च चढत चढत साडेसातशे कोटी डॉलरच्या घरात गेला, २०१७ मध्ये तो नाद सोडला आणि केंद्र नैसर्गिक वायूवरच चालत राहिलं. कोळशाची ती यंत्रणा २०२१ मध्ये सुरुंग लावून पाडली. रिकाम्या जागेला सुरुंग लावावा लागत नाही.

राखेचं काय, असं कुणीतरी विचारेलच. पाण्यात कालवून तलावात सोडा आणि विषय बदला. अमेरिकेत टेनेसीतल्या किंग्स्टन वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध २२ डिसेंबर २००८ रोजी फुटला आणि चाळीस लाख घनमीटरच्या आसपास चिखल नदीत आणि घरांत शिरला. तेव्हा विषय जरा वेगानं बदला.

आणि 'कोळशाचे दिवस संपले' म्हणून कुणी घाबरवू लागलं तर जर्मनीकडे बोट दाखवा. दात्तेल्न-४ हे ११०० मेगावॉटचं केंद्र तिथे मे २०२० मध्ये सुरू झालं, आणि कोळसा बंद करण्याचा कायदा संसदेत मंजूर झाला जुलै २०२० मध्ये. मुहूर्त साधणं म्हणतात ते हे. हॅम्बुर्गच्या मूरबुर्गची तऱ्हा त्याहून भारी. सोळाशे मेगावॉटच्या आसपासचं हे केंद्र २०१५ मध्ये पुरतं सुरू झालं आणि डिसेंबर २०२० मध्ये, बंद होण्याबद्दल पैसे मिळण्याचा सरकारी लिलाव जिंकून मोकळं झालं. चालवायचे पैसे वेगळे, थांबवायचे वेगळे. तुमच्या अहवालात या दुसऱ्या उत्पन्नासाठीही एक रकाना राखून ठेवा.

जाता जाता एक बारीकशी सूचना. त्या हिरव्या चौकोनाच्या कुंपणावर 'राखीव' अशी पाटी लावाल, ती रोज सकाळी फडक्यानं पुसून घेत जा. दोन दिवस हयगय झाली की धुराळा बसतो, आधी वेलांटी जाते, मग 'व' जातो, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला उरलेलं लांबूनही वाचता येतं.