बोडीचं सुशोभीकरण झालं, आता मरळीनं पिल्लं कुठे काढायची?

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

लग्नसराईत बोडीकडे, म्हणजे आमच्या लहान तलावाकडे, फिरकणं झालं नव्हतं. आज दोस्त आणि मी गऱ्या खांद्यावर टाकून, डब्यात गांडुळं घेऊन पोचलो, तर काठच गायब! जेसीबीनं सगळं खरवडून उभं दगडी पिचिंग केलंय. वर पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, लाल बदामवालं 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव. बसायला बाक आहेत, तेही पाण्याकडे पाठ करून. कोणत्या शहाण्यानं बसवले देव जाणे.

दोस्त नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "बेशरम काढली ते समजलं बे, पण चिला-चौराही उपटला?"

हेच तर. चिला-चौरा या पाणवनस्पती, पण कंत्राटदाराला पाण्यातलं सगळं हिरवं म्हणजे कचरा. रोहू-कटल्याचं काही अडत नाही. ते साचलेल्या पाण्यात अंडी घालतच नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून तर मच्छीमार सोसायटी दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडते. पण मरळ? तिला उथळ पाणी आणि गवतच लागतं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. याच काठावर, आता जिथे तो बदाम उभा आहे तिथे, दोस्तानं गरीला बेडकाचं पिल्लू लावलं होतं. चौऱ्याच्या पानांशेजारी पाण्यावर तिखट सांडावं तसा लालसर डाग दिसला. डाग सरकत होता. मरळीची पिल्लं! हवा घ्यायला सगळी मिळून वर येत होती आणि खाली एक काळी पाठ हळूच वळत होती. अशा वेळी मरळ पिल्लांजवळ येणाऱ्या कशावरही झडप घालते. गरी टाकली असती तर लागलीच असती. घरी वहिनींना मसाला वाटायला सांगून आलेला हा माणूस, त्यानं तंगूस (गरीची दोरी) गुंडाळला. "पिल्लंवाली आहे," एवढंच. रात्री त्याच्याकडे वरण-भात खाल्ला. वहिनींनी दोघांनाही ऐकवलं ते वेगळं.

आठवी नापास माणसाला जे कळतं ते अंदाजपत्रक करणाऱ्याला कळू नये?

आपल्या भंडारा-गोंदियात कोहळी समाजानं तलाव बांधले ते काय डोळे मिटून? उताराच्या अंगाला पाळ, म्हणजे बांध, घातली, वरचा काठ उतरता ठेवला. पाणी चढो-उतरो, कुठेतरी उथळ राहतंच. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले, आणि हळूहळू गावाचं लक्षही उडालं. अर्जुनी मोरगावकडे ढीवर (मासेमार) समाजाच्या बायांनी चिखलात उभं राहून पाणवनस्पती लावल्या, तेव्हा कुठे गावठी मासे परत दिसू लागले. इकडे आम्ही पैसे मोजून उपटतोय.

हो, पायऱ्या चांगल्या झाल्यात. धुणं घेऊन जाणाऱ्या बाया आता घसरणार नाहीत. मान्य. पायऱ्या बांधा ना, चारी बाजूंनी भिंत कशाला?

आणि कुणी म्हणेल, तुम्ही तरी मासे मारायलाच जाता. जातो. खातोही. पण गरीवाल्याला काठ लागतो, म्हणून काठाची काळजी त्याला असते.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. दोस्त मात्र आज भिंतीवरून पाय सोडून बराच वेळ बसला होता. गरीचा पाण्यावर तरंगणारा मोरपिसाचा तरंडा एकदाही हलला नाही. मी म्हटलं, चल. तर म्हणे, "थांब, या भिंतीत कुठे फट राहिली असेल तर शिंगूर मासा तरी बसला असेल." त्याचं हे असंच. मला शिव्या सुचतात आणि त्याला फटी.

पुढच्या रविवारी दुसऱ्या बोडीवर जातोय. कुठली ते विचारू नका, फोटोही टाकणार नाही. निधी तिकडेही पोचायचा.