‘दुसरा सब लावला आणि बेस कमी झाला’: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला आणि त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तुम्ही रागात असूनही घरी येऊ दिलंत, त्याबद्दल आधी आभार. काल मी स्वतः येऊन जे पाहिलं ते इथे लिहितोय, कारण तुमचा रिव्ह्यू इतरांनीही वाचलाय आणि त्यांनाही नेमकं काय चुकलं ते कळायला हवं.

तुम्ही चार गोष्टी लिहिल्यात. दुसरा सबवूफर (म्हणजे सब, फक्त बेसचे खालचे सूर वाजवणारा स्पीकर) जोडल्यावर सोफ्यावर बेस पहिल्यापेक्षा कमी झाला. सतत घूं असा आवाज येतो. आमची मुलं अर्ध्या तासात वायर लावून निघून गेली आणि दुकानात फोन केला तर ‘आठ दिवसांत सेट होईल’ असं सांगितलं. आणि गरज नसताना दुसरा सब तुमच्या गळ्यात मारला.

पहिल्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. चौथी मला मान्य नाही, तिच्याबद्दल पुढे लिहितो.

तुमचा हॉल 17 बाय 11 फुटांचा. जुना सब टीव्ही युनिटच्या डाव्या कोपऱ्यात, सोफ्यापासून 10 फुटांवर. नवा सब आमच्या मुलांनी सोफ्यामागे ठेवला, तुमच्या डोक्यापासून जेमतेम 3 फुटांवर. फरक 7 फुटांचा. 80 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 80 कंपनांच्या, आवाजाच्या लाटेची लांबी साधारण 14 फूट असते, म्हणजे हा फरक बरोबर अर्ध्या लाटेचा झाला. झोपाळ्याला एकाने ढकलावं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने पुढून धरावं, तसं दोन्ही सब एकमेकांना मारत होते. तेही 80 हर्ट्झवर, जिथे तुमच्या रिसीव्हरचा (सगळे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरचा) क्रॉसओव्हर आहे, म्हणजे जिथून खालचे सूर मोठे स्पीकर सबच्या हातात देतात. तुम्ही लिहिलंत, ‘तबल्याचा डग्गा पोकळ वाजतो’. कान अगदी बरोबर आहे तुमचा.

रिसीव्हरच्या मागे सबसाठी दोन आउटपुट आहेत हे पाहून आमच्या मुलांना वाटलं की बाकीचं रिसीव्हर बघून घेईल. पण तुमच्या मॉडेलमध्ये ती दोन्ही आउटपुट आतून एकच आहेत. दोन्ही सबना एकच सिग्नल एकाच वेळी जातो, प्रत्येकाचं अंतर वेगळं भरता येत नाही. हे आमच्या मुलांना माहीत असायला हवं होतं. त्यांना ते शिकवलं नाही, हा दोष माझा. शिवाय नवा सब जोडल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे माइक लावून मोजून रिसीव्हरचं सेटिंग जुळवणं, पुन्हा केलंच नाही, रिसीव्हर जुन्या एकाच सबच्या हिशोबावर चालत होता.

काल आपण काय केलं ते तुम्ही पाहिलंत. आधी एकेक सब वेगळा लावून सोफ्यावर दोघांची पातळी सारखी केली. मागच्याचा व्हॉल्यूम पाऊण फिरवलेला होता, जवळ असल्यामुळे त्याला तेवढा लागतच नाही. मग 80 हर्ट्झचा सूर लावला. पुढचा एकटा 72 डेसिबल, मागचा एकटा 72, आणि दोन्ही मिळून 65. मीटरवरचा तो आकडा पाहून मला खरंच वाईट वाटलं. एवढे पैसे घेऊन आम्ही तुमचा आवाज कमी करून दिला होता.

मी सोफ्यामागे टॉर्च घेऊन बसलो आणि मागच्या सबचं फेजचं बटण (त्याची लाट पुढेमागे सरकवणारं) हळूहळू फिरवत गेलो. तुमची मुलगी मीटर वाचत होती: 65, 69, 74, 77, 78, 77. ‘काका, मागे घ्या.’ 78 वर थांबलो. दोन सारखे सब खरोखर एका पावलाने चालले तर एकट्यापेक्षा 6 डेसिबल जास्त मिळतात, त्याहून जास्त मिळूच शकत नाहीत. तिथे पांढरी चिकटपट्टी लावून पेनने खूण केली आहे. मावशींना पुसताना तेवढं सांभाळायला सांगा. नंतर दोन्ही चालू ठेवून पूर्ण कॅलिब्रेशन केलं, म्हणजे आता रिसीव्हर दोघांना मिळून एकच सब समजतो.

एक उणीव राहिली आहे, ती लपवत नाही. सोफ्याच्या मधल्या जागेवर 50 हर्ट्झच्या आसपास अजून खड्डा आहे, म्हणजे तेवढे सूर तिथे फार कमी ऐकू येतात. तो तुमच्या 11 फूट रुंदीमुळे येतो, आणि मधली जागा नेमकी त्याच्यावर बसते. आवाज वाढवून असा खड्डा भरत नाही, नुसता अँप्लिफायर दमतो. हार्मन कंपनीचे टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये मांडलेल्या अभ्यासात, आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब ठेवले तर चांगला परिणाम मिळतो असं दिसलं. तुमच्याकडे एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार आहे, त्यामुळे रुंदीच्या दिशेने ते जमणार नाही. सोफा फूटभर बाजूला सरकवून बघा, फरक कळेल.

आता घूं आवाजाचं. मागचा सब इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या सॉकेटमध्ये होता, रिसीव्हर दुसऱ्या भिंतीवर. सिग्नलची वायर काढली की आवाज बंद, लावली की चालू. म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून फेरा तयार झाला होता. थ्री-पिन एक्स्टेंशन टाकून सब रिसीव्हरच्याच बोर्डवर आणला आणि आवाज गेला.

पण मी येण्याआधी कोणी तरी त्या सबच्या प्लगची अर्थची पिन कापली होती. आवाज कमी व्हावा म्हणून, असं तुम्ही म्हणालात. सर, हे वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगतो, कितीही घूं झालं तरी अर्थ कापू नका. आत काही बिघडलं तर त्या धातूच्या पॅनेलवर करंट येऊ शकतो, आणि सोफ्यामागे तुमचा नातू खेळत असतो. म्हणून काल आधी प्लग नवीन बसवला आणि मगच घूंचं कारण शोधलं.

राहिली चौथी तक्रार. तुम्ही दुकानात आलात तेव्हा म्हणाला होतात की सोफ्याच्या डाव्या टोकाला बेस घुमतो आणि बाल्कनीजवळच्या खुर्चीत तुमच्या वडिलांना तो ऐकूच येत नाही. एका सबने हे सुटत नाही, आवाज वाढवला की डावीकडे आणखी घुमतो. दुसरा सब आवाज मोठा करण्यासाठी दिला नव्हता, सगळ्या जागांवर सारखा पोचावा म्हणून दिला होता. काल आजोबांनी अभंग लावायला सांगितला, त्याच खुर्चीत बसून डोळे मिटून पूर्ण ऐकला, आणि पुन्हा लावायला सांगितला. विकताना मी चुकलो नाही, बसवताना चुकलो.

फिटिंगचे 1,500 रुपये आज तुमच्या खात्यात परत केले आहेत. इथून पुढे दोन सबच्या कामाला आमची माणसं मीटर घेऊनच जातील, आणि सोफ्यावरचा आकडा ग्राहकाला दाखवल्याशिवाय निघणार नाहीत. रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही, तुमच्या घरी जे घडलं तेच तुम्ही लिहिलंय.

दिवाळीच्या साफसफाईत सोफा किंवा सब हलला तर कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागेल. तेव्हा मला थेट फोन करा, मी येऊन करून देईन, पैसे घेणार नाही.